एकतिसाव्या यादीपर्यंत

६ ऑक्टोबर

बावन्न याद्या! प्रत्येकीत तीस इंग्रजी शब्द, एकेक तोंड वेंगाडून म्हणावा असा. प्रवेश परीक्षा तीन डिसेंबरला. मार्क चांगले पडले तर पुढच्या शिक्षणाला परदेशी. नाहीतर हीच खोली, हीच आईची लोखंडी खाट.

पुस्तक वहिनीनं दिलं. मी विकत आणणारच होते, तर तिनं माळ्यावरून काढून पुढ्यात ठेवलं. "घे. रद्दीत जायचं होतं." एवढंच बोलून भांडी घासायला गेली. आठ महिने झाले मला इथे राहायला येऊन, ती माझ्याशी याहून जास्त बोललेली आठवत नाही.

७ ऑक्टोबर

पुस्तक कुणीतरी वापरलेलं. आलेल्या शब्दापुढे बरोबरची खूण, चुकलेल्यापुढे ठिपका, यादीखाली तारीख, सहा वर्षांपूर्वीची. सगळं शिसपेनानं. शेवटची पानं मात्र कोरी! म्हणजे महाशयांनी मध्येच कुठेतरी धूम ठोकली. त्याचं नाव मी पळपुटा ठेवलंय.

दुसऱ्याचं उष्टं मला चालत नाही. रोज सकाळी आधी त्याची यादी खोडायची, मग माझ्या खुणा, पेनानं.

११ ऑक्टोबर

पळपुट्याला पाचव्या यादीत सत्तावीस. मला एकोणीस. शहाणाच होता की!

१५ ऑक्टोबर

लॅबमध्ये रक्ताच्या नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवता चिकटवता शब्द पुटपुटत होते. रिपोर्ट टाइप करणारी म्हणाली, "काय गं, डिक्शनरी गिळलीस का?" सगळे हसले. मीही हसले. मग डबा उघडला आणि खिडकीपाशी एकटीच जेवले, नेहमीसारखी.

१९ ऑक्टोबर

रविवार. दादा-वहिनी कुणाकडे तरी गेले. "येतेस का?" दादानं चपला घालता घालता विचारलं. मी नाही म्हटलं. पुन्हा विचारलं नाही. पर्फंक्टरी, म्हणजे उरकून टाकल्यासारखं. हा शब्द पाठ करावा लागला नाही.

दिवसभरात इंग्रजीचे तीस शब्द शिकले. मराठीचे बोलले असेन वीस, त्यातले सात-आठ नुसते 'हो'. फार एकटं वाटतं. लिहून टाकलं, बरं झालं.

२० ऑक्टोबर

वहिनी केर काढत होती. खाटेखालचा चुरा बघून थांबली. "हे कसलं?"

"खोडरबराचं. पुस्तक साफ करतेय. कुणीतरी नुसती घाण करून ठेवलीय."

चुरा सुपलीत भरला आणि गेली. बघ, साधं हूं तरी करावं माणसानं!

२७ ऑक्टोबर

आज आईची फार आठवण आली. पाच वर्षं अंथरुणाला खिळून होती ती, याच खाटेवर. मी दुसऱ्या गावात नोकरीला. महिन्यातून एकदा यायचे, फळं घेऊन. तास-दोन तास तिचा हात धरून बसायचे आणि शेवटची बस गाठायचे. ती गेल्यावर बदली करून घेतली आणि इथे आले. कशासाठी, ते मलाही सांगता येणार नाही.

वहिनीला मी नको असणार. तिचं तरी काय चुकलं? आता कुठे घर मोकळं झालं होतं. निघायला हवं इथून. एकविसावी यादी, चोवीस बरोबर.

१ नोव्हेंबर

पळपुट्याशी बोलायची सवयच लागलीय. "आज काय, ठिपके जास्त? झोप झाली नाही का रे?" सव्विसाव्या यादीपर्यंत गडी टिकून आहे. पळू नये असं वाटायला लागलंय. तो गेला की मी कुणाशी बोलू?

६ नोव्हेंबर

एकतीस. पळपुट्याचं शेवटचं पान. तीसपैकी तीस! खाली तारीख, ११ मार्च.

खोडरबर हातात घेतलं, तर पानांच्या बेचक्यातून घडी घातलेला कागद पडला. दवाखान्याचा पास, रुग्णासोबत राहण्याचा. तारीख १२ मार्च. रुग्णाच्या जागी आईचं नाव. सोबतच्या माणसाचं नातं: सून. खाली वहिनीची सही.

आई न्हाणीघरात पडली ती १२ मार्चला.

कामावर गेले नाही. दादाला ऑफिसात फोन केला. "हे पुस्तक कुणाचं?"

"तिचंच की. फॉर्मसुद्धा भरला होता तिनं. मग आई पडली. राहिलं ते राहिलंच." पुढे म्हणाला, "तुला कसं माहीत नाही?"

मला कसं माहीत असणार? मी फळं आणत होते.

तीस याद्या खोडल्या मी. रोज सकाळी, जोर लावून, पान फाटेपर्यंत. आणि चुरा तिनं भरला.

७ नोव्हेंबर

तिच्या मागे मागे स्वयंपाकघरात दोनदा गेले. दोन्ही वेळा पाणी पिऊन परत आले. पंधरा मिनिटांत चार पेले पाणी! आठशेच्या वर अवघड शब्द येतात आता, आणि 'वहिनी, चुकलं माझं' एवढं तोंडातून निघत नाही. स्वतःचीच लाज वाटते.

८ नोव्हेंबर

बत्तिसावी यादी. पहिलं पान, ज्यावर खोडायला काही नव्हतं. बावीस आले. खुणा वहीत केल्या, पान कोरंच ठेवलं. पुस्तक त्याच पानावर उघडून ओट्यावर ठेवलं, शेजारी शिसपेन. आणि कामाला निघून गेले.

संध्याकाळी आले. पुस्तक माझ्या खाटेवर. अठ्ठावीस बरोबर, दोन ठिपके. खाली आजची तारीख.