आईची गाठ

श्रीगोंदा, ४ जुलै २०२५

ती. अमृतदादास,
ज्योतीचा सा. न. वि. वि.

फोन न करता पत्र धाडलं म्हणून दचकू नकोस. फोन आता माझा एकटीचा राहिलेला नाही. सरकारी पाठबळ असलेलं कुणीतरी त्यात शिरलंय, असा फोनच्या कंपनीचा इशारा आला. पुण्याच्या तज्ज्ञाकडून तपासून घेतला, खरं निघालं. फोन टेबलावर नुसता पडला असला तरी ऑफिसातलं सगळं बोलणं बाहेर ऐकू जात होतं.

पारनेरकडच्या गायरानाची केस मी लढवतेय. गायरान देऊन टाकणारा ग्रामसभेचा ठराव खोटा आहे, अशी साक्ष द्यायला तिथल्याच छबूबाई तयार झाल्या, तेव्हा खोलीत आम्ही दोघीच होतो. दुसऱ्या दिवशी साध्या वेशातली दोन माणसं त्यांच्या दारात उभी, साक्षीतला शब्दन् शब्द सांगत. छबूबाई मला येऊन म्हणाल्या, वकीलबाई, तुमीच इकलं आमाला, दुसरं कोन हुतं तिथं? दादा, त्यापेक्षा त्यांनी मुस्काटात मारली असती तर बरं.

तू दिल्लीत गृहमंत्रालयात आहेस. सांग, अशा कामावर सही कुणाची असते? आणि त्या सहीवर नजर कुणाची?

तुझ्या मायेवर हक्कानं भांडणारी,
ज्योती

दिल्ली, १३ जुलै २०२५

चि. ज्योतीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

राग समजतो, पण कुणाच्याही फोनमध्ये उगाच कुणी शिरत नाही. सचिवांची लेखी परवानगी लागते, वर आढावा समिती असते; तिच्या बैठकांचे कागद माझ्याच हातून जातात. तू काही केलेलं नाहीस, तर घाबरतेस कशाला? शाळेत गुरुजींशी भांडायचीस तू आणि अंगठे धरायला लागायचे मला! ती केस दुसऱ्या कुणाला दे. आईच्या कानावर यातलं काही घालू नकोस.

तब्येतीला जप, एवढं तरी माझं ऐक.
अमृतदादा

श्रीगोंदा, २२ जुलै २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

समितीत कोण? सचिवच ना! सचिवाची सही सचिवच तपासणार. ना न्यायाधीश, ना आपण निवडून दिलेला एक माणूस. गावात बोअर घ्यायचा तरी ग्रामसभेला विचारतात. माणसाच्या घराला कान लावायचा तर कुणालाच विचारायला नको?

घाबरतेस कशाला म्हणतोस. माझ्याकडे मार खाल्लेल्या, नासवलेल्या बायका येतात. त्यांचं दुःख असं परक्याच्या कानी जावं?

तज्ज्ञाचा अहवाल घेऊन छबूबाईंकडे गेले. त्यांनी सगळं ऐकलं, माझा हात धरला. पण साक्षीला येत न्हाई म्हणाल्या, लेकराला गावातच ऱ्हायचंय.

मी संभाजीनगरला खंडपीठात याचिका टाकलीय. ती समिती कागद वाचते तरी का, हे तुला ठाऊक आहे. प्रतिज्ञापत्रावर सांगशील? नसशील सांगणार, तर तसं सरळ लिही. पुन्हा उपदेश नको.

तुझीच,
ज्योती

दिल्ली, ९ ऑगस्ट २०२५

चि. ज्योतीस,
अनेक आशीर्वाद.

काल साहेबांनी चहाला बोलावलं. तुझ्या याचिकेचं नावही काढलं नाही. हसत म्हणाले, आईच्या छातीतली गाठ साधी निघाली ना, बरं झालं. मी मान डोलावली. कसली गाठ? मला काहीच ठाऊक नव्हतं.

आईला फोन केला. आधी तिनं उडवून लावलं, मग रडली. मला लांब उगाच घोर नको म्हणून फक्त तुला सांगितलं होतं, तेही मे महिन्यात, फोनवर. मग तिनं विचारलं, तुला कुणी सांगितलं? मी फोन ठेवून दिला.

ज्योती, एकेका बैठकीत आदेशांचे गठ्ठे येतात आणि न उघडता मंजूर होतात. नाकारलेला एकही मी पाहिलेला नाही. हे मी शपथेवर सांगणार. नोकरी जाईल, खटलाही होईल, होऊ दे. १८ तारखेला संभाजीनगरला उतरतो, कागद तयार ठेव.

आपली आई दवाखान्यात एकटी बसली होती, हे मुलाला ठाऊक नाही आणि साहेबाला ठाऊक आहे. हे मी मरेपर्यंत विसरणार नाही.

आशीर्वाद आहेतच; आज त्यांच्यासोबत याचिकेसाठी माझा रागही घे.
तुझा,
अमृतदादा