‘कोरडा ठराव’मधली हाक

तिसगाव, ता. पाथर्डी
१६ नोव्हेंबर २०२५

चि. अझहर,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे ठीक आहोत. नूरुद्दीनचाचांच्या गुडघ्याची सूज उतरलीय, पण शिलाई मशीनवर बसू नका म्हटलं तर ऐकत नाहीत. तुमच्या घराण्यालाच ऐकण्याचं वावडं. फोन सोडून ताईला पत्राची हुक्की कुठून आली म्हणशील. फोनवर तुझं नाव निघालं की आई शेजारी येऊन बसते, आणि मला तिच्याबद्दलच लिहायचंय.

आधी कौतुक. ‘कोरडा ठराव’ची तू पाठवलेली सगळी परीक्षणं वाचली. आपल्या फक्त कागदावर झालेल्या तलावावर कुणी रॅपचा अल्बम करतो आणि त्यावर मुंबईची माणसं पानभर लिहितात, हे डेअरीवर कुणाला खरं वाटेना. सरपंचांनी पूर्ण ऐकलं आणि म्हणाले, “गानं झ्याक हाय, पन हे नेमकं कोनत्या गावाचं?” एका परीक्षकाने लिहिलंय, तुझा राग अजून कच्चा आहे. आता राग काय आंब्यासारखा आढीत घालून पिकवायचा?

दुसऱ्याने मात्र शेवटच्या गाण्याला डोक्यावर घेतलंय. “शेवटी एका अनाम शेतकऱ्याचा आवाज येतो...” अनाम! माझ्या अण्णांचं नाव, गोरक्षनाथ, तू अल्बमवर ठळक छापलंस, ते वाचायचे कष्ट त्याने घेतले नाहीत. पुढे म्हणतो, “‘राहीबाई, चल. घरी जाऊ,’ ही हाक म्हणजे ग्रामीण स्त्रीला उठून उभं राहण्याचं आवाहन आहे.” मी आधी हसले. मग ते पुन्हा वाचलं.

ती हाक आता गावभर झालीय. टपरीवर, पोरांच्या मोबाईलमध्ये, बन्सीच्या टेम्पोत. कुणाच्या मनात वाईट नाही, उलट अभिमान आहे. पण अण्णांना जाऊन दोन वर्षं झाली, आणि त्यांचा आवाज कधी कुठून येईल याचा नेम नाही. मी भाकरी थापत असते, रस्त्याने टेम्पो जातो, आणि अण्णा आईला हाक मारून पुढे जातात.

आणि आई उठते. हेच सांगायचं टाळत होते. हातातलं तिथंच टाकते, पदर डोक्यावर घेते आणि चालायला लागते. परवा बाजारात कुणाच्या तरी मोबाईलवर लागलं, तर मेथीची जुडी दुकानात ठेवून मळ्याच्या वाटेला लागली. मी धावतपळत गाठलं, तेव्हा अण्णा पडले होते त्या चिंचेपाशी उभी होती. म्हणाली, “हितनं म्होरं दिसंना झाले.” मला भीती वाटते, अझहर. तिची वाटते आणि त्या आवाजाचीही.

तू त्या ग्रामसभेत अण्णांचं भाषण रेकॉर्ड केलंस, हाक मारून ते निघाले तसं बंद केलंस आणि नगरच्या बसला पळालास. पुढचं तुला कुणी सांगितलेलं नाही. तलावाच्या चौकशीचा ठराव होता, हात वर करून मतं मोजायची होती. ऐन मोजणीच्या वेळी घरची माणसं येऊन बायकांना उठवून नेतात, ही आपल्याकडची जुनी चाल. म्हणून अण्णांनी आदल्या दिवशी घरोघर जाऊन बजावलं होतं, “हात मोजून होईस्तोवर एकीनंबी उठायचं न्हाई. सोताच्या नवऱ्यानं हाक मारली तरी न्हाई.”

भाषण संपवून त्यांनी आईला हाक मारली. आईला वाटलं, परीक्षा बघतायत. ती हसली आणि बसून राहिली. माईक ठेवताना त्यांचा हात छातीवर होता, हे तिला नंतर आठवलं. ते एकटेच निघाले. ठराव मंजूर झाला. आई हात वर करून बसली होती तेव्हा अण्णा चिंचेखाली पडलेले होते.

आता तुझं निमंत्रण. पुण्यात तुला पारितोषिक आहे, गाणं वाजणार आहे आणि काकूंना पहिल्या रांगेत बसवायचंय. मी परस्पर नाही म्हणणार होते. आईला म्हटलं, अझहरला सांगते, गाण्यातून हाक काढून टाक. तो माझा शब्द मोडणार नाही.

दोन वर्षांत पहिल्यांदा ती माझ्यावर ओरडली. “खबरदार! त्यानं काढली तर मला बोलवायचं कुनी?” मग शांतपणे म्हणाली, “मी जानार हाय पुन्याला.”

“आणि तिथं हाक आली मग?”

“उठायचं. एकदा बसले तेवढं बास झालं.”

तेव्हा आम्ही येतोय. पहिली रांग नको, दाराजवळ दोन खुर्च्या ठेव आणि दार उघडं ठेवायला सांग. ती उठली की सभागृहाला वाटेल, राहीबाई उभी राहिली, आणि लोक टाळ्या पिटतील. त्यांना आवर. हाकेनंतर अण्णांच्या चपला थोडा वेळ वाजतात, तुझ्या ध्यानात आलंय का? आई त्या ऐकत ऐकत चालते. टाळ्यांमध्ये तिला त्या ऐकू येणार नाहीत.

तिच्या मागोमाग येणारी,
तुझी रुपालीताई