बाईच्या काकडीचं साल

माय,

तुला शाळेच्या मराठीत लिहितोय, हसू नको. घरात आपण असं कधी बोललो नाही. पण अहिराणीत मला फक्त भांडता येतं, आणि आज भांडायचं नाही. शहाद्याच्या घरात आता मी एकटाच असतो. बायको मुलीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेली ती तिकडचीच झाली. भांडण नाही, नुसतं जाणं-येणं नाही. भाजीवाला एकच गिलकं द्यायला तयार नसतो. "काका, एक लिसन काय करशात?" असं भर बाजारात विचारतो. म्हणून मी चार घेतो आणि तीन दिवस तीच भाजी खातो. दर रविवारी पेपरात लोकांची टिंगल करतो, त्यावर गावात थोडा मान आहे. लोक रस्त्यात मला बघून आधी हसतात, नमस्कार मागाहून करतात.

गेल्या आठवड्यात तुझ्या शाळेत जाऊन आलो. धडगावच्या वर, जिथं तू सोमवारी पहाटेच्या एसटीनं शिकवायला जायचीस आणि जिथून शनिवारी संध्याकाळी परत यायचीस, ती शाळा. तिथं तुझं नाव अजून घेतात. भलत्याच गोष्टीसाठी घेतात, आणि तो दोष माझा आहे. तो पुसायला मी चारचौघांत उभा राहिलो होतो. त्याचं काय झालं ते तुला सांगायचंय, दुसरं कोणी ऐकून घेणारं नाही.

आता शाळाशाळांत परसबागेच्या स्पर्धा असतात. पोरांनी शाळेच्या आवारात भाजी लावायची आणि तीच दुपारच्या जेवणात शिजवायची. कल्पना चांगली आहे, त्यामुळे तिच्यावर मला काही लिहिता येईना. बहुतेक म्हणूनच त्यांनी मला परीक्षक केलं. माझ्या हातातल्या फॉर्मवर 'बागेत छायाचित्रासाठी जागा आहे काय' असा रकाना होता, भाजीला चव आहे काय असा नव्हता. वाफ्यावाफ्यात पाट्या. एका रिकाम्या वाफ्यात नुसतीच 'पालक' अशी पाटी उभी. मी मुख्याध्यापकांना म्हटलं, "पालक आले नाहीत वाटतं?" तरुण पोरगा, त्याच डोंगरातला. म्हणाला, "निम्मे अजून गुजरातेतच आहेत सर, कामावर. शेतीला येतो म्हणाले होते." तो भाजीबद्दल बोलतच नव्हता.

तुझ्या बागेला पाटी नव्हती. बियाणं पोरांच्या घरचं, फडक्याच्या गाठीत बांधून आणलेलं: अंबाडी, चवळी, डांगर, काकडी. कुठली बी कोणाच्या घरची ते तुला तोंडपाठ. शनिवारी घरी आलीस की भाकरी थापता थापता तू त्या वेलांच्याच गोष्टी सांगायचीस, याला फूल आलं, त्याला कीड लागली. मला त्या आठवड्यात काय झालं ते विचारायची वेळ यायची तेव्हा रविवार संपलेला असायचा. मी नऊ वर्षांचा, आणि माझं वैर चाळीस पोरांशी आणि एका काकडीच्या वेलाशी.

त्या पावसाळ्यात तू मला आठ दिवस सोबत नेलंस. पाऊस उशिरा आला होता, म्हणून गावच्या पुजाऱ्यानं हिरव्याच्या पूजेचा दिवस पुढं ढकलला होता. ती पूजा झाल्याशिवाय त्या वर्षीचं नवं हिरवं कोणी तोंडाला लावायचं नाही, पाला नाही, शेंग नाही, काकडी नाही. शाळेची बागही गावातच धरलेली, तिलाही तोच नियम. रोज परिपाठ झाला की तू पोरांना रांगेनं वेलाकडे नेतेस, पहिली काकडी दाखवतेस आणि विचारतेस, "कधी खायची?" चाळीस तोंडं ओरडतात, "पूजेनंतर, बाई!" मी तुझ्या राहत्या खोलीच्या दारात उभा आहे. मला कोणी विचारत नाही. दुपारी तू वर्गात पाढे घेत होतीस तेव्हा मी ती तोडली आणि मोरीत बसून खाल्ली. भूक नव्हती. हे मी तुला तेव्हा सांगितलं नाही, आज सांगतो: भूक अजिबात नव्हती.

संध्याकाळी पुजारी आला, मागं बायाबापडे, पोरं. वेलावर तुटलेला देठ. तू माझा हात धरून नाकाशी नेलास, हुंगलास आणि हळूच म्हणालीस, "तू काहीच बोलू नको. मी शे ना." मग बाहेर जाऊन त्यांना म्हणालीस, "मीच खाल्ली. विसरले." इतकं साधं खोटं मी पुढं आयुष्यात कोणाला बोलताना ऐकलं नाही, आणि ऐकणं हाच माझा धंदा आहे. पुजाऱ्यानं आरडाओरडा केला नाही. देवाला एक कोंबडी आणा म्हणाला. आपण माळकरी, अंडंसुद्धा घरात नाही. आणि दुसऱ्या दिवशी तू कोंबडी काखेत धरून, पदर खोचून, चिखलातून डोंगर चढतेयस. कोंबडी ओरडतेय आणि तू तिला "गप, गप बाई" म्हणतेयस. परत आल्यावर अंघोळ केलीस आणि मला एवढंच विचारलंस, "कडू होती का रे?" मी हो म्हटलं. बातमी शहाद्याला आपल्या आधी पोचली. आप्पा नवऱ्याच्या हक्कानं महिनाभर टोमणे मारत होते, "पोरेस्ले शिकाडस का कोंबड्या पाळस?" तू चुलीकडे तोंड करून बसलेली असायचीस. त्या सालात गावानं पोरं बागेत पाठवली नाहीत. वेल आपोआप वाळले. पुढच्या उन्हाळ्यात तुझी बदली झाली.

आता ऐक. त्या स्पर्धेच्या दिवशी जेवणाच्या पंगतीत शिक्षण खात्याच्या साहेबांनी ताटं पाहिली. बाहेर वाफ्यांत अंबाडी गुडघ्याला लागतेय आणि ताटात बटाटा, तोही बाजारातला. साहेब चिडले. "बागेतली भाजी ताटात का नाही? फोटो काय बटाट्याचा काढायचा?" मुख्याध्यापक म्हणाला, "सर, अजून दिवस आलेला नाही. चार दिवसांनी पूजा आहे." साहेबांना काही कळेना. तेव्हा खिचडी वाढणारी बाई, माझ्याच वयाची, डाव तसाच हातात धरून म्हणाली, "साहेब, बाईच्या काकडीचं साल परत नको आमाले." मी विचारलं, ते कुठलं साल? तिनं सांगितलं. त्या वर्षी पाऊस उशिरा, मग ज्वारीवर कीड, मग तिचा थोरला भाऊ तापानं गेला. गावात कोणाचं वय विचारलं तर अजून म्हणतात, बाईच्या काकडीच्या सालातला. ती तुझीच विद्यार्थिनी. म्हणाली, "बाई लई चांगली होती, भाऊ. मले लिव्हाले तिनंच शिकवलं. फक्त तेवढी चुकली."

माय, माणसाच्या मागं दगडावर नाव राहतं, शाळेच्या खोलीवर राहतं. तुझं एका वाईट सालावर राहिलंय. ते तिथून काढायचं, एवढंच मला हवं होतं. जेवणानंतर मांडवात परीक्षकाचं भाषण होतं. उभा राहिलो, कागद खिशात ठेवला आणि सरळ म्हणालो, "त्या बाई माझी आई. ती काकडी तिनं खाल्ली नाही. मी खाल्ली."

मांडव हसला. साहेबांनी मांडीवर थाप मारली, "वा! आता काकडीसुद्धा तुमच्याच नावावर का?" मुख्याध्यापक हसला, पोरं साहेबांकडे बघून हसली. मी म्हटलं, "खरंच सांगतोय," तर आणखी मोठा हशा. माझ्या रविवारच्या लेखात हे दोन शब्द नेहमी थापेच्या आधी येतात, हे मला तेव्हा आठवलं. मी वाढणाऱ्या बाईकडे बघितलं. ती हसत नव्हती. पदरानं डोळे पुसत शेजारणीला म्हणाली, "आईसाठी खोटं बोलतो बिचारा. चांगला पोऱ्या हाय."

ते साल तसंच आहे. आधी वाटलं, रविवारी छापून टाकावं. मग माझ्या जागेवर, माझ्या नावाखाली, चौकटीत ते कसं दिसेल ते डोळ्यांपुढं आलं. सोमवारी सकाळी बसस्टँडवर लोक मला गाठून म्हणतील, काकडी भारी होती. म्हणून हा कागद कुठंच जाणार नाही.

तरी एक राहिलंच. त्या दिवशी मला पुढं बोलता आलं असतं. त्या बाईजवळ जाऊन, तिच्या भाषेत नाही तर नाही, पण हात धरून सांगता आलं असतं. तिनं ऐकलं असतं. पण लोक हसत होते, आणि हशा ओसरेपर्यंत थांबायची मला सवय आहे. मी थांबलो. मग टाळ्या झाल्या. मी नमस्कार केला आणि खाली बसलो. त्या टाळ्या, माय, मला आवडल्या.