माझं स्वातंत्र्य आणि हिचं घुबड

४ ऑगस्ट, संध्याकाळ
बास. आजपासून या कॉम्प्युटरची गुलामगिरी बंद.

खालच्या मजल्यावरच्या माणसाला पार्किंगबद्दल खरमरीत पत्र लिहीत होतो. 'आपण स्वतःला समजता कोण' इथपर्यंत आलो, आणि स्क्रीन निळा. अपडेट चालू आहे, कृपया थांबा. का थांबू? घर माझं, टेबल माझं, वीज माझी, आणि थांबायचं मी? थांबलो. नाइलाज होता. सुरू झाल्यावर बघतो तर पत्र गायब. आता तसं पत्र पुन्हा जमणार नाही, डोक्यातला राग शिळा झाला.

हिला सांगितलं, ही सिस्टीम काढून टाकणार. जगात फुकट, मुक्त, ओपन सोर्स सिस्टीम आहे. ती लोकांनी लोकांसाठी बनवलेली आहे. ती आपल्याला थांबा म्हणत नाही. ही दोरा ओवत होती. एवढंच म्हणाली, माझं घुबड आहे हो त्यात.

घुबडाचं असं आहे. ही घरी एम्ब्रॉयडरीचं मशीन चालवते. कॉम्प्युटरवर डिझाइन करायचं, मशीनला द्यायचं, मशीन टाके घालतं. एका शाळेच्या कोटाच्या खिशावर मशाल धरलेलं घुबड हवंय. पहिलं घुबड मांजरासारखं दिसतंय म्हणून मुख्याध्यापिका बाईंनी परत पाठवलं. दुसरं झोपल्यासारखं दिसत होतं. तिसरं पास झालं. २५ तारखेला सगळे बॅज द्यायचेत, नाहीतर काम बाजारातल्या मोठ्या दुकानाला जाणार आणि ही शाळा कायमची हातची जाणार. ही एवढ्यातेवढ्याला घाबरते.

५ ऑगस्ट
मी काही बेजबाबदार माणूस नाही. आधी बॅकअप, मग क्रांती. हिची सगळी डिझाइन्स, घुबडासकट, हिरव्या पेन ड्राइव्हवर घेतली. कुणाच्याही हाताला लागणार नाही अशा ठिकाणी ठेवला आहे.

ऑफिसात कँटीनमध्ये जाहीर केलं. सगळे गप्प झाले. प्रभावित झाले असावेत.

९ ऑगस्ट, सकाळ
नवी सिस्टीम उतरवून घेतली. ती पेन ड्राइव्हवर चढवावी लागते आणि मग तिथून कॉम्प्युटरवर. घरात वेळेला एक पेन ड्राइव्ह सापडेल तर शपथ. खण उपसले. शेवटी कपाटावर, जुन्या मिक्सरच्या खोक्यात, एक हिरवा सापडला. आता मिक्सरच्या खोक्यात कोण पेन ड्राइव्ह ठेवतं? या घराला शिस्त म्हणून नाही. हिला तसं बोललोसुद्धा.

यातलं सगळं पुसलं जाईल, चालेल का, असं विचारलं. पुसा म्हटलं. जुन्या कचऱ्याचा मोह नको.

९ ऑगस्ट, दुपार
नव्या सिस्टीमनं विचारलं, जुनी शेजारी ठेवू का पूर्ण डिस्क पुसू? एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. पुसा!

९ ऑगस्ट, संध्याकाळ
स्वतंत्र झालो. वॉलपेपर फार सुंदर आहे. डोंगर आहे.

१० ऑगस्ट
वायफाय नाही. वायफायसाठी एक फाइल हवी. ती फाइल इंटरनेटवर आहे. इंटरनेटसाठी वायफाय हवं. हे ज्यानं बनवलं त्याला समोर उभा करा माझ्या.

मेहुणा आला होता. हिचा धाकटा भाऊ. स्वतःचा लॅपटॉप खांद्याला लटकवून हिंडतो, टपाल्यासारखा. म्हणाला, दाजी, डोंगर छान आहे. दुरूनच बघा. 

११ ऑगस्ट
आवाजही नाही. कॉम्प्युटर मुका झाला. ही म्हणाली, घरात निदान एक तरी. काय म्हणायचं होतं कळलं नाही.

१२ ऑगस्ट, ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत
या सिस्टीमवाल्यांची एक चर्चेची साइट आहे. तिथं मदत मिळते म्हणे. काल सविस्तर प्रश्न टाकला. 'मुक्तात्मा' नावाच्या कुणा इसमानं उत्तर दिलं: आधी शोधून बघा, मग विचारा. मी शोधलं. शोधल्यावर माझाच प्रश्न सापडला, आणि त्याखाली मुक्तात्म्याचं उत्तर.

त्याला तिथल्या तिथे सुनावलं. मग तो म्हणाला, बंद करून परत चालू केलंत का? मी लिफ्ट कंपनीत तक्रार विभागात आहे. अडकलेल्या लोकांना मी दिवसभर हेच वाक्य सांगतो. मला सांगतोय!

१३ ऑगस्ट
वायफाय आलं! एक काळी खिडकी उघडायची आणि तिच्यात मंत्र टाइप करायचा. मी टाइप केला. तुम्हाला अधिकार नाही, म्हणाली. मला! परत पासवर्ड मागितला. दिला. टाइप करताना काही दिसत नाही, टिंबसुद्धा नाही. म्हणून तीनदा टाइप केला. मग चुकीचा म्हणाली. शिव्या दिल्या. मग बरोबर म्हणाली.

दर पावलाला अधिकार विचारते ही बया. जुनी निदान न विचारता करायची.

छे. हे मी लिहिलं नाही.

१४ ऑगस्ट
वायफाय गेलं.

१६ ऑगस्ट
प्रिंटर. एक पान मागितलं. ट्रेमधले सगळे कागद घेतले आणि प्रत्येकावर वरती एकच ओळ, कुठल्या ग्रहावरची भाषा ती देव जाणे. प्लग काढला तेव्हा थांबला. कागद हिनं गोळा केले, पाठकोरे आहेत म्हणाली, वाण्याच्या यादीला होतील.

हिच्याबद्दल एक मात्र मानलं पाहिजे. घुबडाबद्दल एक शब्द विचारलेला नाही. दुसरी असती तर डोकं खाल्लं असतं. माझ्यावर हिचा विश्वास आहे. मेहुणा मात्र रोज येतो, तेही मी ऑफिसात असताना. परत येतो तेव्हा निघालेला असतो, लॅपटॉप खांद्यावर. बहिणीकडे आयतं जेवायला मिळतं. आज त्याच्या शर्टाला तपकिरी दोरा चिकटला होता. स्वतःचे कपडे नीट ठेवता येत नाहीत आणि मला डोंगर शिकवतो.

१७ ऑगस्ट, सकाळ
आज हिची डिझाइन्स कॉम्प्युटरवर परत ठेवून देतो, म्हणजे विषय संपला. पेन ड्राइव्ह अगदी सुरक्षित जागी आहे. कपाटावर, जुन्या मिक्सरच्या खोक्यात.

१७ ऑगस्ट, सकाळ, थोड्या वेळाने
खोकं रिकामं आहे.

१७ ऑगस्ट, दुपार
नाही. दोन हिरवे असणार. कंपन्या एकाच रंगाचे शेकड्यानं काढतात. हा शुद्ध हलगर्जीपणा आहे. औषधांच्या बाटल्यांवर लाल पट्टी असते, मग पेन ड्राइव्हवर का नको?

सगळं घर उलटंपालटं केलं. ही म्हणाली, काय शोधताय. म्हटलं, काही नाही, आवरतोय. ही खुर्चीवर बसली आणि माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, आवरा.

दुसरा हिरवा नाही. तेल गेलं, तूप गेलं, हाती डोंगराचं वॉलपेपर आलं.

१८ ऑगस्ट
ऑफिसातून रजा घेतली. वायफाय रात्री आपोआप परत आलं आहे. पुसलेल्या फाइल्स परत आणणारा प्रोग्रॅम असतो. तो बसवायला अधिकार लागतो. तीनदा पासवर्ड. प्रोग्रॅम चालला. डिस्कमधून काय परत आलं? मी खालच्या मजल्यावरच्या माणसाला लिहिलेलं पत्र. तेही अर्धं. 'आपण स्वतःला समजता' एवढंच.

मुक्तात्म्याला विचारलं. म्हणाला, बॅकअप घेतला नव्हता का? या माणसाचा पत्ता कुणी देईल का मला?

१९ ऑगस्ट
घाबरण्यात अर्थ नाही. मी घुबड स्वतः काढणार. फुकट सिस्टीमवर एम्ब्रॉयडरीचाही फुकट प्रोग्रॅम आहे. घुबड म्हणजे काय? दोन डोळे, एक चोच. ही बाजारात दोरे आणायला गेली आहे. तेवढ्यात काढतो आणि तिच्या फोल्डरमध्ये ठेवून देतो. तिला कळणारसुद्धा नाही.

२० ऑगस्ट, संध्याकाळ
डोळे झाले. एक मोठा, एक लहान. मुद्दाम नाही. मशीनवर चिंधीवर काढून बघितलं. दोरा तुटला, सुई वाकली, मशीन असं किंचाळलं की शेजारीण आली. चिंधी खिशात घालत होतो तेवढ्यात मेहुणा टपकला. हातात घेऊन उलटसुलट बघितली. म्हणाला, दाजी, बटाट्याला डोळे फुटले वाटतं.

त्याला घराबाहेर काढला. शब्दशः. दार लावून घेतलं. लॅपटॉप आतच राहिला म्हणून परत उघडावं लागलं.

२१ ऑगस्ट
जुनी सिस्टीम परत टाकायचा विचार करतोय. विचार फक्त. माघार नाही, ही चाल आहे. पण तिच्यासाठी कॉम्प्युटरच्या पाठीला चिकटवलेल्या लेबलावरचा नंबर लागतो. लेबल मीच गेल्या वर्षी स्पिरिटनं स्वच्छ केलं होतं. इतकं स्वच्छ की पांढरं शुभ्र आहे.

आणि टाकली तरी घुबड कुठून आणू?

२२ ऑगस्ट, सकाळ
जेवण जात नाही. हिनं तीनदा काढून पास करून घेतलेलं घुबड. त्याच्या पिसांसाठी तिनं चार तपकिरी रंग दुकानात दारापाशी, उजेडात नेऊन जुळवले होते. मी तेव्हा हसलो होतो.

आज सांगून टाकतो. मुद्दे काढले आहेत. सुरुवात पेन ड्राइव्हच्या रंगापासून करीन, मग उत्पादकांची जबाबदारी, मग हळूच घुबड.

२२ ऑगस्ट, संध्याकाळ
मनस्ताप झाला आहे, तरी लिहितो.

मुद्द्यांचा कागद घेऊन मागच्या खोलीत गेलो. मशीन चालू होतं. टेबलावर घुबडं. ओळीनं रचलेली, दोऱ्यानं बांधलेली घुबडांची थप्पी. सगळ्यांचे डोळे सारखे. शेजारी मेहुण्याचा लॅपटॉप, आणि मेहुणा बिस्किट खात बसलेला.

म्हटलं, हे कुठून आलं? ही म्हणाली, चार तारखेला तुम्ही गुलामगिरी म्हणालात ना, त्याच रात्री सगळं याच्या लॅपटॉपवर टाकलं. मेहुण्यानं न विचारता फोल्डर उघडून दाखवला. हिनं नाव दिलंय 'यांचा उत्साह'. आत आणखी फोल्डर. मी कॉम्प्युटर फास्ट करणारा प्रोग्रॅम टाकला होता तेव्हाचा. अँटीव्हायरस बदलला तेव्हाचा. डिस्कमधला कचरा दुसऱ्यांदा काढला होता तेव्हाचा. प्रत्येक वेळी मी बसायच्या आधी ही उठून कॉपी करून ठेवते. वर्षानुवर्षं.

मी भडकलो. मग मला का नाही सांगितलंस? मी पाच दिवस... माझं वजन उतरलंय! म्हणाली, तुम्ही तरी कुठे सांगितलंत? वाट बघत होते. पाच दिवस घर आवरत होतात.

नवऱ्यावर एवढाही विश्वास नाही, म्हटलं. तेव्हा तिनं मशीन थांबवलं. म्हणाली, पहिल्यांदा तुम्ही कचरा काढलात तेव्हा माझी सुरुवातीची सगळी डिझाइन्स गेली. मी दोन दिवस रडले. तुम्ही म्हणालात, असतील कुठेतरी. नाही सापडली अजून. विश्वास आहे हो माझा तुमच्यावर. अगदी पक्का आहे.

मग मशीन परत चालू केलं. मी मुद्द्यांचा कागद खिशात घातला. पाठकोराच होता, प्रिंटरमधला.

२४ ऑगस्ट
मी ऑफिसात असताना मेहुण्यानं जुनी सिस्टीम परत बसवली. नंबर? हिनं लेबलाचा फोटो काढून ठेवला होता, स्पिरिटची बाटली मी हातात घेतली त्या दिवशी. तो फोटोही त्याच फोल्डरमध्ये.

मला कुणी विचारलंसुद्धा नाही. स्वातंत्र्य गेलं. डोंगर गेला. मुक्तात्म्याला निरोपाचा मेसेज टाकला. उत्तर आलं: बंद करून परत चालू करा.

२५ ऑगस्ट, सकाळ
कॉम्प्युटर लावला. दोन नावं आली. एक हिचं. दुसरं 'पाहुणे'. पाहुणे म्हणजे मी. माझ्याच घरात! घड्याळाची वेळ दुरुस्त करायला गेलो तर म्हणे हिचा पासवर्ड टाका. मागितला. म्हणाली, वेळ काय करायचीय, मी सांगते की.

ठीक आहे. निदान पार्किंगचं पत्र पूर्ण करू म्हणून बसलो. 'आपण स्वतःला समजता कोण' इथपर्यंत आलो आणि स्क्रीन निळा. अपडेट चालू आहे, कृपया थांबा.

ओरडलो. ही आतून म्हणाली, थांबा ना जरा, त्याचं चाललंय तर. आणि रिकामे आहात तर इकडे या, शाळेचा माणूस दुपारी येतोय. छोटी कात्री हातात दिली. घुबडांच्या मागचे सुटे दोरे कापायचे. मध्ये एकदा येऊन बघून गेली. बरं कापताय, म्हणाली. कापलेली तिनं बाजूला घेतली आणि परत एकेक करून तपासली.