मीठमोहऱ्या

हेडमार्क सर,

तुम्हाला मराठी येत नाही, म्हणूनच हे लिहायचा धीर झाला.

स्वीडनमध्ये आइस हॉकी खेळताना तुमच्या डोक्याला मार बसला, उलटी झाली, ती तुम्ही फायनलसाठी लपवलीत. त्यानंतर खेळणंच संपलं आणि तुम्ही कोच झालात. पहिल्याच दिवशी आम्हा पालकांना हे सांगितलं होतंत.

तरी कालच्या मॅचमध्ये जाई बर्फावर डोक्यावर आपटली आणि तुम्ही संध्याकाळी फोनवर विचारलंत, "व्हॉमिटिंग?" तेव्हा मी "नाही" म्हणाले. उलटी झाली होती. तीन गोल मारले, दृष्ट लागली असेल, म्हणून मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. मोहऱ्या तडतडल्या, मला बरं वाटलं. शनिवारी फायनल आहे ना.

आत्ता ती चौथ्यांदा विचारतेय, "आई, डिड वी विन?"

आता अँब्युलन्ससाठी हेच सगळं ९११ला इंग्रजीत सांगायचंय.

यामिनी,
जाईची आई