दोनच सीटा

शनिवार, १ फेब्रुवारी
गाडी आली. लाल, बुटकी, दोन दारांची. छप्पर मागे दुमडतं. सगळी बिल्डिंग बाल्कनीत. शेजारचे काका म्हणाले, पण तुम्हाला मुलं दोन ना? जळतात लोक.

मुलांची आई बदली होऊन दुसऱ्या शहरात चालली आहे. वार्षिक परीक्षा झाली की मुलंही तिच्याबरोबर जाणार. वेगळे झाल्यापासून मला फक्त रविवार मिळतो, आणि आता तेही थोडेच उरले. या रविवारांत असा धमाका करायचा की मुलांनी आपणहून म्हणावं, आम्ही बाबाकडेच राहतो. प्लॅन पक्का.

रविवार, २ फेब्रुवारी
दोघं खाली आली आणि बघतच राहिली. धाकटा गाडीभोवती एक फेरी मारून आला आणि म्हणाला, मी कुठे बसू? शोरूममध्ये मला हे सुचलं नव्हतं असं नाही. वाटलं, लहान आहेत, मावतील. मावत नाहीत.

म्हणून दोन खेपा. आधी थोरलीला आइस्क्रीमच्या दुकानात सोडलं, मग धाकट्याला आणायला परत. स्पीडब्रेकरवर गाडीचं पोट घासलं, म्हणून उतरून वाकून ओरखडे मोजले. पोचलो तेव्हा थोरली दुकानाच्या पायरीवर, रडवेली. म्हणाली, मला वाटलं तू विसरलास.

संध्याकाळी त्यांच्या आईचा फोन. अकरा वर्षांच्या मुलीला एकटं सोडलंस, एवढंच म्हणाली. आवाजही चढवला नाही. चढवला असता तर भांडता तरी आलं असतं.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी
निर्णय. यापुढे आळीपाळीने, एका रविवारी एकच मूल. बापाचं पूर्ण लक्ष त्याच्याकडे. मोठमोठे तज्ज्ञ हेच सांगत असणार.

रविवार, ९ फेब्रुवारी
धाकट्याची पाळी. सीट इतकी खोल की त्याला नुसतं आभाळ दिसतं. खाली उशी दिली, तर बेल्ट कुठेच नीट बसेना. उशी काढली. परत आभाळ. छप्पर उघडलं आणि त्याची टोपी उडाली. ती आणायला उतरायला गेलो, तर कमरेत उसण भरली. अर्धा आत, अर्धा बाहेर. शेवटी एका आजींनी हात देऊन ओढलं.

धाकटा हसला नाही. म्हणाला, ताईने हे बघायला हवं होतं. म्हटलं, पुढच्या रविवारी तिचीच पाळी आहे. म्हणाला, पण तेव्हा मी नसेन.

रविवार, १६ फेब्रुवारी
थोरली. अवेळी पाऊस. छप्पर गळतं, आणि नेमकं तिच्या मांडीवर. डब्याचं झाकण धरून बसली बिचारी. मेकॅनिकला फोन केला, तर म्हणे या गाड्यांचं असंच असतं. मी विचारलं, मजा येतेय ना? हो म्हणाली. तिची आईही शेवटी शेवटी असंच हो म्हणायची. जाऊ दे तो विषय.

रविवार, २ मार्च
थोरलीचं पोट दुखतंय. तिच्याऐवजी धाकट्याला बोलावलं, तर त्याचंही दुखतंय. साथ असणार. गाडी धुतली. पुन्हा धुतली.

शनिवार, २२ मार्च
थोरलीचा फोन. परीक्षा संपली, मंगळवारी सामान हलणार, उद्या शेवटचा रविवार. आम्हाला दोघांनाही यायचंय, म्हणाली. आम्ही बसने बागेत येतो, आईने परवानगी दिलीय, तू गाडीतून मागून ये. काय डोकं आहे पोरीचं! माझ्यावर गेलीय. उद्या बागेत विचारूनच टाकणार, राहता का माझ्याकडे?

रविवार, २३ मार्च
बस पुढे, मी मागे. बस प्रत्येक स्टॉपवर थांबते, म्हणून मीही थांबतो. मागचे शिव्या घालतात. सगळा धूर तोंडावर. मागच्या काचेतून दोघांनी हात केला. मग वळून एकमेकांशी काहीतरी बोलायला लागली आणि हसत सुटली. धाकट्याला इतकं हसताना मी कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं. हॉर्न दिला. या गाडीचा हॉर्न पिपाणीसारखा. त्यांना ऐकूच गेला नाही.

बागेत विचारलं, कशावरून हसत होतात? थोरली सांगायला लागली, पण धाकटा पुन्हा हसत सुटला आणि ते राहूनच गेलं. माझा दुसरा प्रश्नही राहिला. विचारण्यात अर्थ नव्हता. उत्तर मला काचेतून दिसलं होतं.

परतीच्या बसच्या पायरीवर धाकट्याने माझं बोट धरलं आणि ओढलं. चल ना बाबा, म्हणाला. मी म्हटलं, अरे, मग गाडी कोण आणणार? बोट सोडवून घेतलं.

आत्ता थोरलीचा फोन येऊन गेला, नीट पोचलो म्हणून. सहज सांगितलं तिने, की धाकट्याने बसमध्ये शेजारची जागा माझ्यासाठी हात ठेवून अडवली होती. पुढच्या स्टॉपवर बाबा गाडी ठेवून चढेल म्हणत होता. त्याच्या पुढच्या स्टॉपवरही तेच. मग गर्दी झाली आणि कोणीतरी तिथे बसलं.