चंद्रीचे डोळे

अंबरनाथ पूर्व,
१४ जून २०२५

चि. वैदेही,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं मजेत आहोत. तुझ्या आईचे गुडघे कुरकुरतात, पण बोलण्यावर त्याचा काही परिणाम नाही. फोनवर तू मध्येच बोलतेस आणि माझा मुद्दा राहून जातो, म्हणून हे पत्र. सोबतच्या गुंडाळीत तुझ्या चंद्री हत्तिणीचं चित्र आहे.

कारखान्यात शाडूच्या मूर्ती वाळताहेत. यंदा कमीच घेतल्या, जागा पुरत नाही. डोळ्यांच्या आखणीला बदलापूरची प्रगती येते. मुलगी शांत आहे, रेघ स्वच्छ आहे. मी शेजारी बसून चहा पितो आणि सूचना देतो. ती ऐकत नाही, अगदी तुझ्यासारखी.

हत्तींच्या उपचारांसाठी तुमच्या केंद्राने चित्रांची विक्री ठरवली आणि तू बापाकडे चित्र मागितलंस, तेव्हा मी जरा फुशारलोच. जन्मभर सोंडा रंगवल्या, म्हटलं हत्तीण काय अवघड आहे! पाय मनापासून केले. डांबरी रस्त्यांवर भीक मागायला फिरवून फुटलेली नखं, साखळीचा वण, सगळं तुझ्या फोटोंवरून. शेवटी डोळे केले आणि फ्रेमसाठी कॅम्प दोनच्या सिंधी वस्तीत हरेशभाईंच्या दुकानात गेलो. त्यांनी कॅनव्हास उलगडला, चपला काढल्या आणि हात जोडले.

"साईं, बाप्पा एकदम फर्स्ट क्लास! मुहूर्त कब का है?"

"अहो, ही हत्तीण आहे. आजारी आहे. पाय बघा तिचे."

"पाय काय बघायचे? आँखें देखो ना. जिधर भी खडे रहो, आपल्यालाच बघतो."

दुकानातल्या एका बाईंनीही नमस्कार केला. चंद्रीच्या जखमा कुणाला दिसल्याच नाहीत. मी चित्र गुंडाळून तसाच परत आलो.

तू मागे चंद्रीबद्दल म्हणाली होतीस, 'बाबा, ती कुणाकडेच बघत नाही.' आणि माझे डोळे तर सगळ्यांकडे बघत होते. गणपतीचे डोळे तसेच करायचे असतात. समोरच्याला वाटलं पाहिजे की देवाने आपल्याला ओळखलं. म्हणून ते खरवडून काढले आणि पुन्हा बसलो.

जमलं नाही. म्हणजे कसे करायचे ते कळलं होतं. लहान, पापण्यांच्या सावलीतले, बाजूला वळलेले. हाताने ऐकलं नाही. ब्रश टेकवला की रेघ हलते. आधीचे डोळे मनगट टेकवून, सवयीवर निभावले होते. मूर्तीवर मनगट टेकता येत नाही आणि नव्या रेघेला सवय कामाला येत नाही. दिवाळीपासून हे असंच चाललंय. डॉक्टर म्हणतात, गोळीने कमी होईल, जाणार नाही. म्हणून मूर्ती कमी, म्हणून प्रगती. तुला न सांगण्याची शपथ आईला मीच घातली होती, तिच्यावर रागावू नकोस.

खरं सांगतो, पत्र लिहायला बसलो तेव्हा तुला बोलवायचंच मनात होतं. सीझनपुरती ये, आखणी तू कर. प्रगती चांगली आहे, पण तुझी रेघ मी घडवली आहे. ती कारखान्यात असावी असं मला फार वाटतं. पण चंद्री पट्टी बदलायला फक्त तुला पाय उचलून देते. तिच्याजवळून तुला उठवून इथे बसवणं माझ्याने होत नाही. येऊ नकोस. तुझी आठवण मात्र रोज येते.

चित्र डोळ्यांची जागा कोरी ठेवून पाठवतोय. आखणी झाल्याशिवाय आपल्या कारखान्यातून आजवर काही बाहेर पडलेलं नाही, हे तुला माहीत आहे. चंद्रीचे डोळे तू कर. फोटोवरून नको, तिच्याजवळ बसून कर. ती बघणार नाही, तू बघ. मग खाली तुझं नाव घाल. मी माझं घातलेलं नाही. डोळे ज्याने केले, काम त्याचं, असंच मी आजवर मानत आलो आणि आता स्वतःसाठी ते बदलणार नाही.

हे वाचून रडू आलं तर आज ब्रश उचलू नकोस. उद्या कर.

तुझा,
बाबा